काढा प्यावा, पण पारखून

मृगाच्या सरी येऊन जातात, पूर्वेकडे धानाची रोवणी लागते, पश्चिमेकडे कपाशी-सोयाबीनची डवरणी सुरू होते आणि नागपूर जिल्ह्यातल्या घराघरांत चुलीवर एक पातेलं चढतं. त्यात वृंदावनातल्या तुळशीची पानं, परसातला गवती चहा, आल्याचा तुकडा, दोन मिरे आणि गुळाचा खडा. घरात कोणी शिंकलं की काढा, कोणी भिजून आलं की काढा, आणि कोणाला काहीच झालं नसलं तरी 'होऊ नये म्हणून' काढा.

२०२० साली करोनाच्या साथीत या पातेल्याला सरकारी शिक्काही मिळाला. त्या वर्षी मार्च महिन्यात केंद्राच्या आयुष मंत्रालयानं तुळस, दालचिनी, काळी मिरी, सुंठ आणि मनुका यांचा काढा दिवसातून एक-दोनदा घ्यावा असं सांगितलं. तेव्हापासून 'रोगप्रतिकारशक्ती' हा जड शब्द आपल्या माजघरात येऊन बसला, तो अजून उठलेला नाही. बाजारात तर त्याच्या नावानं पुड्या, रस, गोळ्या सगळं मिळतं.

वाचक बंधू-भगिनींनो, आज या काढ्याचाच विचार करू. त्याची आरती करायची नाही आणि त्याला नावंही ठेवायची नाहीत. नवं बियाणं आलं की आपण ते जसं पारखून घेतो, तसाच काढा पारखायचा. 'यानं प्रतिकारशक्ती वाढते' असं कोणी म्हटलं, तर ते कशावरून, एवढंच विचारायचं.

राखणदार एक नाही, पुष्कळ आहेत

आधी ही शक्ती म्हणजे काय ते पाहू. तेलाच्या डब्यासारखी ती एका जागी भरून ठेवलेली नसते, की काढा प्याला आणि पातळी वर चढली. शेताची राखण जशी एकटं कुंपण करत नाही, कुंपण असतं, कुत्रा असतो, मचाणावर माणूस असतो, तसंच शरीराचं आहे. कातडी हे कुंपण. ते ओलांडून जंतू आत शिरला तर रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावतात. त्यांतल्या काही पेशी जंतूला सरळ गिळतात आणि पोटात मारून टाकतात. काही पेशी रोग लागलेली आपलीच पेशी ओळखून तिचा काटा काढतात, त्यांना 'नैसर्गिक मारक पेशी' म्हणतात. काही पेशी हुकूम देतात, तर काही शत्रूचा चेहरा वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात. गोवराची लस एकदा नीट टोचली की मूल पुढं त्या रोगापासून वाचतं, ते या शेवटच्या मंडळींच्या स्मरणशक्तीमुळं.

म्हणून 'प्रतिकारशक्ती वाढली' असं कोणी म्हणालं की पहिला प्रश्न हा : यांतलं नेमकं कोण वाढलं? आणि ते वाढल्यामुळं माणूस कमी आजारी पडला का? हे दोन वेगळे प्रश्न आहेत. राखणदारांची संख्या वाढली म्हणजे डुकरांची नासधूस थांबली असं होत नाही. ती थांबली की नाही, ते पीक घरी आल्यावर कळतं.

चाचणीची विद्या शेतातूनच आली

काढा देऊन माणूस बरा झाला, म्हणजे काढ्यानं बरा झाला का? सर्दीचंच घ्या. साधी सर्दी काढा घेतला तर सात दिवसांत जाते आणि न घेतला तर आठवड्यानं जाते. एका घरातल्या एका माणसाच्या अनुभवावरून यातलं काहीच उकलत नाही.

हे शेतकऱ्याला सांगायला नको. नवं खत टाकलं आणि त्या साली पीक जोरात आलं, तर जुनी माणसं लगेच म्हणतात, "अरे, पाऊस कसा होता ते बघ की!" खताचा गुण पाहायचा तर त्याच साली, त्याच रानात, शेजारची एक बांधी बिनखताची ठेवावी लागते. वर्धा रोडवर पांजरीला केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचं रान आहे. अशा संशोधनाच्या शेतांत एकेका वाणाचे लहान लहान तुकडे पाडतात, तोच वाण चार-पाच ठिकाणी पुन्हा लावतात आणि कुठला तुकडा कोणाला द्यायचा ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवतात. चांगली जमीन आपल्या लाडक्या वाणाला जाऊ नये, हा त्यातला हेतू.

आज जगभर औषधांची जी परीक्षा होते तिची ही रीत माणसांच्या दवाखान्यात जन्मली नाही, ती शेतात जन्मली. इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेड नावाचं शेतीसंशोधन केंद्र आहे. तिथं १९१९ साली रोनाल्ड फिशर नावाचे गणिती कामाला लागले आणि खतांच्या प्रयोगांतून त्यांनी ही पद्धत बांधली. गंमत अशी, की तिचं सगळ्यांत गाजलेलं उदाहरण चहाचंच आहे. तिथल्या एक बाई म्हणाल्या, "कपात दूध आधी घातलं की चहा आधी, हे मला चवीवरून कळतं." फिशर यांनी आठ कपांची परीक्षा मांडली. चार कपांत दूध आधी, चारांत चहा आधी, आणि कप कोणत्या क्रमानं द्यायचे ते चिठ्ठी टाकून ठरवायचं. केवळ अंदाजानं आठही कप बरोबर ओळखले जाण्याची शक्यता सत्तरात एक. तेव्हा बाईंनी सगळे ओळखले, तर त्यांच्या जिभेला मान द्यायचा. १९३५ सालच्या आपल्या पुस्तकात फिशर यांनी हे उदाहरण घातलं.

आपल्याकडेही ही विद्या आपल्याच माणसांनी रुजवली. विनायक गोविंद पानसे आणि साताऱ्याकडच्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे या दोघांनी शेतीच्या प्रयोगांचं गणित शिकवणारा ग्रंथ लिहिला. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेनं तो १९५४ साली काढला, आणि कृषी महाविद्यालयांतल्या मुलांच्या पिढ्या त्यावर शिकल्या.

माणसांची परीक्षा घेताना यात एक भर घालावी लागते. रोपाला आपल्याला कोणतं खत मिळालं ते कळत नाही, माणसाला कळतं. औषध मिळालं या समजुतीनंच अर्धं बरं वाटतं. म्हणून एका गटाला खरं औषध आणि दुसऱ्याला तशीच दिसणारी पोकळ गोळी देतात. कोणाला काय मिळालं, ते घेणाऱ्यालाही ठाऊक नसतं आणि तपासणाऱ्यालाही नसतं. शेवटी यादी उघडायची आणि हिशेब मांडायचा.

तुळस परीक्षेला बसली

अशी परीक्षा तुळशीनं दिली आहे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत, म्हणजे एम्समध्ये, २४ निरोगी माणसं घेतली. तुळशीच्या पानांचा अर्क काढून त्याच्या ३०० मिलिग्रॅमच्या कॅप्सुला केल्या. काहींना त्या रोज उपाशीपोटी चार आठवडे दिल्या आणि काहींना पोकळ कॅप्सुला. मग काही दिवस खंड ठेवून गटांची अदलाबदल केली. २२ जणांनी ही परीक्षा शेवटपर्यंत पार पाडली. २०११ साली निकाल छापून आला. तुळस घेत असताना रक्तातल्या हुकूम देणाऱ्या पेशी आणि मारक पेशी वाढलेल्या आढळल्या. या पेशी एकमेकींना निरोप धाडण्यासाठी जे पदार्थ सोडतात, त्यांतले दोनही वाढले. पोकळ कॅप्सुला घेताना असं झालं नाही.

म्हणजे आजीची तुळस अगदीच रिकामी नाही. पानात काहीतरी आहे आणि ते शरीरातल्या राखणदारांपर्यंत पोचतं. पण या परीक्षेत काय नव्हतं तेही पाहा. एक तर माणसं बावीसच. दुसरं, मुदत चार आठवड्यांची. तिसरं, पाहिलं ते रक्त. या लोकांना वर्षभरात सर्दी-ताप कमी झाला का, हा प्रश्न त्या परीक्षेत विचारलेलाच नव्हता. आणि चौथं, त्यांनी घेतला तो मद्यार्कात उतरवलेला अर्क होता. आपण पितो तो पाण्यातला काढा.

मग चहा म्हणूनच कोणी पाजून पाहिला आहे का? तेही झालं आहे. २०१० साली असा एक अभ्यास छापून आला. नेहमीच्या चहात तुळस, आलं, अश्वगंधा, ज्येष्ठमध आणि वेलची या पाच वनस्पती मिसळल्या. पंचावन्न वर्षांच्या पुढचे, वारंवार सर्दी-खोकला होणारे लोक निवडले. आधी ३२ जणांवर आणि मग वेगळ्या ११० जणांवर पाहणी केली. काहींना हा मिसळणीचा चहा दिवसातून दोनदा, काहींना साधा चहा. मिसळणीचा चहा पिणाऱ्यांच्या मारक पेशी जास्त तडफेनं काम करताना दिसल्या. इथं साध्या चहाची बांधी शेजारी ठेवली होती, हे या अभ्यासाचं चांगलं. पण इथंही मोजलं ते प्रयोगशाळेतल्या पेशींचं काम. शिवाय हे काम चहा विकणाऱ्या एका मोठ्या कंपनीच्याच शास्त्रज्ञांनी केलं होतं. म्हणून ते खोटं ठरत नाही. पण बियाणं विकणाऱ्यानं दाखवलेलं प्रात्यक्षिक पाहिल्यावर आपण दुसऱ्या गावच्या शेतकऱ्यालाही विचारतो ना, तसंच इथं करावं.

गुळवेलीच्या दोन गोष्टी

महाराष्ट्रात या विषयाचं सगळ्यांत मोलाचं काम झालं ते मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात, गुळवेलीवर. तिथल्या औषधशास्त्र विभागाच्या डॉ. शरदिनी डहाणूकर यांनी आयुर्वेदातली औषधं आधुनिक कसोटीवर घासून पाहण्याचा वसाच घेतला होता. मराठी वाचक त्यांना 'फुलवा' या पुस्तकामुळंही ओळखतात.

त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतलेला प्रश्न असा होता. पित्तनळी खड्यानं किंवा गाठीनं बंद झाली की कावीळ होते. या काविळीत जंतू गिळणाऱ्या पेशी मंदावतात. मग शस्त्रक्रिया नीट झाली तरी रोगी जंतू रक्तात पसरून दगावतो. तेव्हा शस्त्रक्रियेआधी या पेशींना गुळवेलीनं उभारी देता येईल का?

तीस रोग्यांचे चिठ्ठी पद्धतीनं दोन गट केले. एका गटाला नेहमीचे उपचार : जंतुनाशक औषधं, के जीवनसत्त्व आणि तुंबलेलं पित्त नळीवाटे बाहेर काढणं. दुसऱ्या गटाला हे सगळं आणि शिवाय गुळवेल, वजनाच्या दर किलोला रोज १६ मिलिग्रॅम. १९९३ साली निकाल प्रसिद्ध झाला. गुळवेल न मिळालेल्यांपैकी निम्म्यांत जंतू रक्तात पसरल्याची लक्षणं दिसली, गुळवेल मिळालेल्यांत एकातही नाही. शस्त्रक्रियेनंतर पहिल्या गटातले शेकडा ४० जगले, दुसऱ्यातले शेकडा ९२. जंतू गिळणाऱ्या पेशी फक्त गुळवेलीच्या गटात पूर्ववत झाल्या. यकृताच्या कामात मात्र दोन्ही गटांत फरक पडला नाही, आणि तेही त्यांनी तसंच लिहून ठेवलं.

इथं केवळ पेशी मोजल्या नव्हत्या, माणूस जगला की नाही ते मोजलं होतं. तीसच रोगी म्हणजे परीक्षा लहान, हे खरं. तरी या कामाचं मोल मोठं आहे. आणि त्यातली एक गोष्ट गाठीला बांधून ठेवावी : गुळवेल शस्त्रक्रियेच्या जागी दिली नव्हती, जोडीला दिली होती. जंतुनाशक औषध बंद करून काढा पाजला, असं तिथं कोणी केलं नाही.

आता दुसरी गोष्ट. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या चार महिन्यांत मुंबईतल्या यकृताच्या डॉक्टरांकडं सहा रोगी आले. त्यांच्या यकृताला सूज होती. दारू नाही, काविळीचे नेहमीचे विषाणू नाहीत. विचारपूस केली तेव्हा कळलं, की करोनाच्या भीतीनं ते गुळवेल घेत होते. २०२१ साली हा अहवाल आला. पुढं देशातल्या १३ रुग्णालयांनी मिळून अशा ४३ रोग्यांची माहिती २०२२ साली मांडली. आयुष मंत्रालयानं पहिल्या अहवालाला हरकत घेतली. वनस्पती नीट ओळखलेली नाही, गुळवेलीसारखीच दिसणारी तिच्या जातीची दुसरी वेल असू शकते, असं त्यांचं म्हणणं.

या वादात एक गोष्ट आपल्या कामाची आहे. या रोग्यांपैकी बऱ्याच जणांच्या यकृतावर त्यांच्याच राखणदार पेशींनी हल्ला केल्याच्या खुणा दिसल्या. आपल्याकडं म्हणतात, कुंपणानंच शेत खाल्लं. अगदी तसं. थायरॉइडचे काही आजार, सांध्यांचा आमवात, त्वचेचे काही रोग यांत हेच होत असतं, शरीराची राखण शरीरावरच उलटते. म्हणजे प्रतिकारशक्ती 'जास्त' असणं नेहमीच बरं नसतं. ती नेमकी असावी लागते. शिकारी कुत्रा फार चवताळला तर घरच्या वासरालाही धरतो.

एकच वेल. रुग्णालयात, मोजलेली मात्रा, ठराविक दिवस आणि डोळ्यांत तेल घालून देखरेख असताना तिनं जीव वाचवायला मदत केली. घरोघरी मापाशिवाय, महिनोन् महिने, कोणती वेल आहे याची खात्री नसताना घेतली तेव्हा काहींना ती बाधली. 'झाडपाल्याचं आहे, अपाय काय होणार?' या म्हणण्याला याहून स्पष्ट उत्तर नाही. ज्याला गुण आहे त्याला अवगुणही असू शकतो.

पान तेच, पण काढायची रीत वेगळी

आपल्या जुन्या वैद्यांना हे चांगलं ठाऊक होतं. एकाच वनस्पतीपासून औषध करण्याच्या पाच रीती त्यांनी सांगून ठेवल्या : ताजा स्वरस, वाटलेला कल्क, उकळून आटवलेला काढा, थंड पाण्यात रात्रभर भिजवलेला हिम आणि उकळत्या पाण्यात टाकून झाकून ठेवलेला फांट. आपण पानांचा 'चहा' म्हणतो तो खरं तर फांट आहे. तुळशीचा, गवती चहाचा वास ज्या तेलामुळं येतो ते उडून जाणारं तेल आहे. उघड्या पातेल्यात अर्धा तास खळखळ उकळलं तर सुगंध घरभर पसरतो आणि पातेल्यात कडू पाणी उरतं. म्हणून कोवळ्या पानांना फांट बरा, आणि मुळं, साली, खोडं यांना काढा.

रीतीनं केवढा फरक पडतो याचं उदाहरण चीनमध्ये घडलं. हिवतापावर तिथं एक दवण्याच्या जातीची वनस्पती जुन्या काळापासून वापरत. तू यूयू नावाच्या संशोधक बाईंनी १९७० च्या सुमारास तिची परीक्षा मांडली, पण उकळून काढलेल्या अर्काचा गुण धड येईना. मग चौथ्या शतकातल्या एका वैद्याच्या पोथीत त्यांना वाचायला मिळालं, की ही पानं पाण्यात भिजवून, पिळून रस घ्यावा. उष्णतेनं गुण जात असावा हे त्यांनी ओळखलं आणि कमी उष्णतेवर अर्क काढला. त्यातून मिळालेल्या आर्टेमिसिनीन या औषधानं लाखो जीव वाचले, आणि २०१५ साली बाईंना नोबेल पारितोषिक मिळालं. आपल्या गडचिरोलीत हिवतापाच्या रोग्याला सरकारी दवाखान्यात ज्या गोळ्या देतात, त्यांत या घराण्यातलं औषध असतं.

एवढं असूनही जागतिक आरोग्य संघटना म्हणते, की हिवतापावर या पानांचा चहा पिऊ नका, गोळ्या घ्या. कारण सोपं आहे. चहात औषध किती उतरलं याचा भरवसा नसतो. ते कमी पडलं तर जंतू मरत नाहीत, उलट औषधाला सरावतात. अर्ध्या मात्रेनं फवारलेली अळी पुढच्या खेपेला दाद देत नाही, हे कपाशीवाल्याला वेगळं सांगावं का?

जिथं पातेलं बाजूला ठेवायचं

काढा प्यायल्यानं सहसा कोणी मरत नाही. काढा पीत घरी थांबल्यामुळं मात्र माणसं जातात.

२०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि आसपास स्क्रब टायफसची साथ आली, काही माणसं दगावली. गवतातल्या अगदी बारीक किड्यांच्या पिल्लांच्या चाव्यातून हा ताप येतो. निंदणाला, चाऱ्याला, गुरांमागं जाणाऱ्यांना तो धोका जास्त. काखेत, जांघेत, कमरेला काळी खपली धरलेली लहानशी जखम दिसते, कधी दिसतही नाही. डॉक्सिसायक्लीन हे साधं, स्वस्त औषध वेळेवर मिळालं तर बहुतेकांचा ताप एक-दोन दिवसांत उतरू लागतो. पाच-सहा दिवस काढ्यावर काढले तर ताप फुप्फुसात, मूत्रपिंडात, मेंदूत उतरतो.

दुसरी गोष्ट सिकलसेलची. आपल्या विदर्भात हा रक्ताचा आजार पुष्कळ घरांत आहे. सिकलसेलच्या मुलाची प्लीहा लहानपणीच निकामी होत जाते, आणि प्लीहा म्हणजे रक्तातले जंतू गाळणारी चाळणी. अशा मुलाला काही जंतूंशी लढायचं बळच उरत नाही. ते बळ कोणत्याही पानाच्या चहानं परत येत नाही. त्याला लसी, डॉक्टरांनी सांगितलेल्या गोळ्या आणि ताप येताच धाव, एवढंच तारतं. सिकलसेलच्या मुलाला १०१ अंश किंवा त्याहून जास्त ताप आला तर रात्र असो की पाऊस, प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. तिथून नागपूरला मेडिकलला किंवा मेयोला धाडलं तर उशीर करू नका.

याखेरीज हेही ध्यानात असू द्या. ताप तीन दिवसांत हटला नाही, धाप लागली, माणूस भ्रमिष्टासारखा बोलू लागला, लघवी कमी झाली, डोळे पिवळे झाले किंवा अंगावर रक्ताचे ठिपके उठले, तर घरगुती उपाय तिथंच थांबवावा. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकी तपासून घ्यावी. तो क्षय असला तर औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं.

मग घरी काय करावं?

निरोगी मोठ्या माणसानं पावसाळ्यात तुळशीचा फांट प्यावा, खुशाल प्यावा. पाच-सात ताजी पानं धुऊन, चुरडून कपभर उकळत्या पाण्यात टाकावी, वर झाकण ठेवावं, पाच-सात मिनिटांनी गाळावं. हवं तर आल्याचा तुकडा घालावा. दिवसातून एक-दोन कप पुरेत. घसा मोकळा होतो, अंगात ऊब येते, पोटात पाणी जातं. साखरेनं घट्ट केलेल्या चार चहांपेक्षा हा बराच. त्यात मिरी-दालचिनी मूठभर टाकली म्हणजे गुण दुप्पट होत नाही, पोटात जळजळ मात्र होते.

गरोदर बाई, साखरेच्या किंवा रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेणारे, यकृताचा आजार असलेले आणि राखण अंगावर उलटलेले रोगी यांनी कोणताही काढा रोज घेण्याआधी डॉक्टरांना विचारावं. ज्येष्ठमध फार दिवस घेतल्यानं रक्तदाब चढतो, तेव्हा तो विकार असणाऱ्यांनी तो टाळावा. वर्षाच्या आतल्या बाळाला काढ्यातून मध चाटवू नये. आणि दवाखान्यात गेलात तर काय काय काढे घेतले ते डॉक्टरांना न लपवता सांगावं. ते रागावतील म्हणून गप्प राहण्यात नुकसान आपलंच.

इतवारीच्या दुकानात किंवा गावच्या बाजारात उद्या कोणी 'प्रतिकारशक्ती वाढवणारा' चहा पुढं केला, तर त्याला चार प्रश्न विचारा. शेजारी बिनकाढ्याची बांधी ठेवली होती का? माणसं किती होती? मोजलं काय, रक्तातल्या पेशी की आजारपणाचे दिवस? आणि तेव्हा दिलं तेच, तेवढंच या पुडीत आहे का? चारही प्रश्नांना सरळ उत्तर मिळालं तर पुडी जरूर घ्या. उत्तराऐवजी नुसतं पाठांतर ऐकू आलं, तर ते पैसे घरच्या डाळी-भाजीला, अंड्याला, दुधाला लावा. पोरांच्या लसी वेळेवर टोचून घ्या, पाणी उकळून प्या, रात्रीची झोप पुरी घ्या. राखणदारांना पोटभर मिळालं नाही, तर नुसत्या सुगंधानं ते रात्रभर जागत नाहीत.

तुळस अंगणात आहेच, ती राहू द्या. पानंही खुडा. तिच्यावर माया आहे म्हणून तिची परीक्षा घ्यायची नाही, असं मात्र नको. आपण बैलावरही माया करतो, पण विकत घेताना त्याचे दात पाहिल्याशिवाय राहत नाही.